फिलिपिन्समध्ये कोण कुणाला नाक मुरडतं?

२००७च्या सुमारास फिलिपिन्समध्ये मोबाइलवर इंदाय नावाच्या मोलकरणीचे विनोद धुमाकूळ घालत होते. नमुना असा: मालकीण विचारते, "इंदाय, बाळाच्या डोक्याला टेंगूळ कसं आलं?" त्यावर इंदाय फर्ड्या इंग्रजीत सुरू होते. स्वयंपाकघरातल्या सिंकची रचना करताना सौंदर्यापायी सुरक्षिततेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे सदर बालकाच्या कवटीस डाव्या कर्णेंद्रियानजीक किंचित सूज आलेली आहे, वगैरे. ऐकून मालकिणीच्या नाकातून रक्त! समोरचा फार इंग्रजी झाडायला लागला की तिकडे लोक हसत हसत 'नोजब्लीड' म्हणतात, त्यावरची ही कोटी.

विनोद झकास होता. पण तो चालतो कशावर? मोलकरणीला असलं इंग्रजी येणं शक्यच नाही, या गृहीतकावर. दुसरं गृहीतक तिच्या नावात आहे. विसाया बेटांवर 'इंदाय' ही लेकीला, धाकट्या बहिणीला लाडानं मारायची हाक. त्या बेटांवरच्या मुली पोटासाठी मनिलात घरकामाला आल्या आणि राजधानीत ही हाक म्हणजे कामवालीचं नाव होऊन बसली. पुढे मालिका-सिनेमांतल्या मोलकरणीही ठरल्यासारख्या विसाया हेल काढून बोलू लागल्या.

कोकणात किंवा गोव्यात ज्यांच्या घरचं कुणी बोटीवर असतं, त्यांना फिलिपिनो खलाशी कसे असतात ते विचारा. हसतमुख, गाण्याचे शौकीन, मिळून-मिसळून राहणारे, असंच ऐकायला मिळेल, आणि ते खरंही आहे. त्याच समाजात माणसाला त्याच्या हेलावरून, कातडीवरून, पायातल्या चपलेवरून जोखायची एक बारीक यंत्रणाही अखंड चालू असते. तिच्याबद्दल सगळ्यात जास्त तक्रार फिलिपिनो लोक स्वतःच करतात. ही यंत्रणा गर्भश्रीमंत चालवतात असं आपल्याला वाटेल. मला तसं वाटत नाही. गर्भश्रीमंताला काही सिद्ध करायचं नसतं. ती चालते ती एकच पायरी वर चढलेल्यांच्या जिवावर, कारण घसरायची धास्ती त्यांनाच असते.

हे समजायला थोडा इतिहास लागतो. १५६५ ते १८९८ या काळात तिथं स्पॅनिशांचं राज्य होतं. स्पेनमध्ये जन्मलेला गोरा सगळ्यात वर, बेटांवर जन्मलेला गोरा त्याच्या खाली, मग मिश्र रक्ताचे, आणि तळाला 'इंदियो' म्हणजे स्थानिक. ही वर्गवारी कायद्यात होती, करांतही होती. १८४९ साली गव्हर्नर जनरल क्लावेरिया यानं फर्मान काढलं की सगळ्या रयतेला आडनावं हवीत, आणि त्यासाठी आडनावांची एक जाडजूड यादीच गावोगाव धाडली. म्हणून आज स्पॅनिश आडनावाचा माणूस भेटला तर त्याच्यात स्पॅनिश रक्त असेलच असं नाही. त्याच्या खापरपणज्याला ते नाव यादीतून मिळालेलं असू शकतं.

मराठी वाचकानं इथं थोडं थांबावं. आपल्याकडे समोरच्याला जोखायचं तर "आडनाव काय म्हणालात?" एवढ्यावर भागतं, हे कटू असलं तरी सगळ्यांना ठाऊक आहे. फिलिपिन्समध्ये मोजकी बडी घराणी सोडली तर आडनावावरून फारसा पत्ता लागत नाही. मग पत्ता लावायचा कसा? रंग बघून, बोलणं ऐकून, पेहराव न्याहाळून. जोखण्याचं सगळं काम डोळ्यांवर आणि कानांवर येऊन पडलं.

फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष मानला जाणारा लेखक होसे रिझाल, त्यानं हे १८८७ सालीच ओळखलं होतं. त्याच्या 'नोली मे तान्गेरे' या कादंबरीतली दोन्या व्हिक्तोरिना ही स्थानिक बाई तोंडाला पावडर फासते, खोटे कुरळे केस लावते, दरिद्री का होईना पण स्पॅनिश नवरा मिळवते आणि त्याच्या आडनावात एक जास्तीचा 'दे' घुसवून ते आणखी भारदस्त करते. दोन्या कोन्सोलासियोन ही दुसरी बाई आपल्याला तागालोग, म्हणजे मनिलाकडची स्थानिक भाषा, येतच नाही असं सोंग आणते. १९५६च्या कायद्यानं रिझालचं लेखन शाळा-कॉलेजांत सक्तीनं शिकवलं जातं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पोरं या बायांना हसत मोठी झाली आहेत. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात रंग उजळवणाऱ्या पपईच्या साबणाचा खप काही कमी झालेला नाही. सावळ्या बाईला 'मोरेना' म्हणून गाण्यांत मिरवतात, जाहिरातीत मात्र गोरी 'मेस्तिसा', म्हणजे मिश्र रक्ताचीच लागते. नॅन्सी बिनाय या २०१३ साली सिनेटवर निवडून आल्या, राजकारणातल्या वजनदार घराण्यातून आलेल्या. तरी त्यांच्या काळ्या रंगावरून वर्षानुवर्षं थट्टा होत राहिली.

स्पॅनिश गेले, अमेरिकन आले. १९०१ साली 'थॉमस' नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले आणि फुकटच्या सरकारी शाळांतून इंग्रजी शिकवणं सुरू झालं. इंग्रजांनी आपल्याकडे इंग्रजी मूठभरांपुरती ठेवली; तिथं ती खेड्यातल्या शाळेपर्यंत पोचली. परिणाम असा की थोडीफार इंग्रजी सगळ्यांनाच येते. मग प्रतिष्ठेचा प्रश्न 'इंग्रजी येतं का?' हा राहत नाही, 'कसं येतं?' हा होतो. फ च्या जागी प आला का, ए च्या जागी इ आला का, तोंडातून पडलेला एखादा स्वर माणसाचं गाव आणि शाळा दोन्ही सांगून टाकतो.

२००८ साली एका राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेत १७ वर्षांची एक मुलगी प्रश्नोत्तरांच्या फेरीत अडखळली. कुटुंबाचं तुझ्या आयुष्यात काय स्थान आहे, असा साधा प्रश्न होता. तिनं इंग्रजीतून उत्तर द्यायला घेतलं, व्याकरण कोसळलं, ती स्वतःच हसली, सभागृहही हसलं. मुकुट तिलाच मिळाला, पण त्या उत्तराचा व्हिडिओ घरोघर पोचला आणि लोक महिनोन्‌महिने तिची नक्कल करत राहिले. पुढे तिनं मुकुट सोडला. ती तागालोगमध्ये बोलली असती तर? असा प्रश्न तेव्हाही काहींनी विचारला होता.

तीन वर्षांनी एका मोठ्या इंग्रजी दैनिकात नामांकित विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचा लेख आला. मथितार्थ असा की इंग्रजी ही माझी शिकण्याची भाषा, फिलिपिनो (तागालोगवर बेतलेली राष्ट्रभाषा) ही रस्त्यावरची: कामवाल्यांशी, विक्रेत्यांशी बोलायची. गदारोळ झाला. काहींना तो उर्मटपणा वाटला, काहींना कबुलीजबाब. मला वाटतं राग आला तो त्यानं खोटं लिहिलं म्हणून आला नाही. अनेक मध्यमवर्गीय घरांत जे न बोलता पाळलं जातं, ते त्यानं छापून टाकलं. पोरांशी इंग्रजी, यायाशी तागालोग. याया म्हणजे मुलं सांभाळणारी बाई. शाळाही यात मागे नाहीत. स्थानिक भाषा बोललं की दंड, ही शिक्षा अनेक खासगी शाळांतून गेलेल्यांना आठवते. २०१३ साली लाओग शहरातल्या एका शाळेनं तर तीन विद्यार्थ्यांना इलोकानो बोलले म्हणून काढूनच टाकलं. त्याच वर्षी झालेल्या शिक्षण-कायद्यात पहिली काही वर्षं मातृभाषेतून शिकवायचं असं ठरलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा कायदा होऊन ती तरतूदही गेली.

आता चपलेची गोष्ट, कारण सगळा मामला तिच्यात नीट दिसतो. पूर्वी गोरगरीब लाकडी तळव्याच्या चपला घालत, त्यांना 'बाक्या' म्हणतात. आपल्या खडावांच्याच कुळातल्या, वरती पट्टा असलेल्या. चपलेवरून ती घालणाऱ्यांची अभिरुचीही 'बाक्या' ठरली: रडकी गाणी, भडक रंग, मारधाडीचे सिनेमे, हे सगळं 'बाक्या'. पुढे रबरी सपाता आल्या. स्पार्टन नावाच्या स्वस्त सपाता म्हणजे कामगाराच्या, रिक्षावाल्याच्या पायातल्या. अशा सपाता घालून मॉलमध्ये जायला माणूस बिचकायचा, दारावरचा रखवालदार काय म्हणेल म्हणून. आणि मग २००० नंतरच्या दशकात ब्राझीलच्या हवायानास आल्या. रबर तेच, अंगठ्याची पट्टी तीच, किंमत मात्र कितीतरी पट. कॉलेजातली श्रीमंत पोरं त्या घालून त्याच मॉलमध्ये, त्याच रखवालदारासमोरून ऐटीत फिरू लागली. आपल्या आवडीच्या पट्ट्या आणि तळवे निवडून जोड बनवून घ्यायचे सोहळे भरायचे, रांगा लागायच्या. मग बाजारात नकला आल्या आणि नजरा पट्टीवरच्या बारीक ठशाकडे वळल्या. खरी की खोटी? पाय उघडेच होते. फरक फक्त एवढाच, की एकानं सपाता घातल्या कारण दुसरं काही नव्हतं, आणि दुसऱ्यानं घातल्या कारण त्याला तसं कुणी समजणार नव्हतं.

जुन्या कपड्यांचंही तेच. परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे वापरलेले कपडे म्हणजे 'उकाय-उकाय'. १९६६च्या कायद्यानं त्यांच्या व्यापारी आयातीला बंदी आहे, तरी दुकानं गल्लोगल्ली. एकेकाळी ते लपवून घेत, आता तरुण पोरं तिथला माल फोटो टाकून मिरवतात. ज्यांना नवे कपडे परवडतात ती, अर्थात.

मनिलाची रचनाच अशी आहे की श्रीमंत आणि गरीब एकमेकांपासून लांब राहूच शकत नाहीत. तिकडे 'व्हिलेज' म्हणजे खेडं नाही. भिंत, फाटक आणि रखवालदार असलेली धनिकांची वसाहत, ती व्हिलेज. भिंतीला लागून, नाल्याच्या काठानं, पुलाखाली पत्र्याची घरं. जागा बळकावून राहणं हा १९७५ पासून गुन्हा होता, १९९७ साली तो कायदा रद्द झाला. सरकारी कागदावर आता 'अनौपचारिक वसाहतवासी' असा सौम्य उल्लेख असतो. लोकांच्या तोंडी मात्र 'इस्क्वाटर' ही शिवीच राहिली आहे, आणि ती राहण्याच्या जागेला कमी, वागण्याला जास्त चिकटते. फोनवर मोठ्यानं बोललं, पोटभर हसलं, रांगेत भांडलं की 'इस्क्वाटरचं वागणं'. आलिशान घरात राहणाऱ्यालाही ती देता येते. जवळचा माणूस जितका जवळ, तितकी रेघ ठळक मारावी लागते.

रविवारी मनिलातल्या मॉलमधल्या उपाहारगृहात ही रेघ टेबलापाशी दिसते. आई-बाप, दोन मुलं, आजी, आणि फिक्या निळ्या किंवा गुलाबी गणवेशात याया. ती धाकट्याला भरवत असते. तिच्या पुढ्यात ताट असतंच असं नाही. गणवेश कशाला? स्वच्छतेसाठी, मालकीण सांगेल. खरं कारण असं की साध्या कपड्यांत ती घरातलीच मावशी वाटली असती. हाक मात्र तिला 'आते', म्हणजे ताई. रखवालदाराला 'कुया', म्हणजे दादा. आपणही कामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणतो आणि कप वेगळा ठेवतो, तेव्हा फार आश्चर्य वाटायला नको. २०१३ साली घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. किमान वेतन, आठवड्याला पूर्ण एक दिवस सुट्टी, सामाजिक सुरक्षा. गणवेशाबद्दल बोलायचं सोडून बाकी बरंच त्यात आलं.

यातली गंमत अशी की हीच मालकीण किंवा तिची बहीण हाँगकाँगमध्ये, दुबईत दुसऱ्याच्या घरी याया असू शकते. मनिलात शाळेत शिकवणाऱ्या बायका पगार पुरत नाही म्हणून परदेशी घरकामाला जातात. परदेशातून येणारा पैसा २०२३ साली ३३ अब्ज डॉलरच्या वर गेला होता. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांनी हाँगकाँगमधल्या कामगारांना 'नवे वीर' म्हटलं, तेव्हापासून सरकार तो शब्द सोडत नाही. आणि २००७ मध्ये एका चकचकीत मासिकात एका उच्चभ्रू लेखिकेनं, या वीरांबरोबर विमानाच्या साध्या वर्गात बसावं लागलं आणि त्यांच्या स्वस्त अत्तरांचा वास सहन करावा लागला, असं विनोदानं लिहिलं. जगभरातल्या कामगारांनी झोडपलं, बाईंना माफी मागून लेखन सोडावं लागलं. मला या प्रकरणात लेखिकेपेक्षा अत्तराचा तपशील महत्त्वाचा वाटतो. घरी परतताना अंगाला अत्तर लावणं हीच त्या माणसाची वर चढल्याची खूण होती, आणि नेमकी तीच खूण त्याला खाली ओढायला वापरली गेली. गावाकडे जाऊन पाहिलं तर तोच माणूस सिमेंटचं घर बांधतो, जीपनी, म्हणजे प्रवासी वाहतुकीची लांबडी जीप घेतो आणि तिच्यावर रंगवून घेतो: 'कातास नान्ग सौदी'. सौदीच्या घामाचा अर्क, असं समजा.

फ्लेक्स तिकडेही लागतात. पुढाऱ्यांचे असतातच, पण घरावर लावलेले फ्लेक्स बघण्यासारखे: आमच्या मुलीनं नर्सिंगची परीक्षा पास केली, आमचा मुलगा इंजिनीयर झाला, गाऊन घातलेला हा मोठा फोटो. त्यानंतर ती व्यक्ती नुसत्या नावानं ओळखली जात नाही. डॉक्टरसारखंच नावाआधी 'इंजिनीयर', 'अॅटर्नी', 'आर्किटेक्ट' लागतं, लग्नाच्या पत्रिकेतही. हे हास्यास्पद म्हणणं सोपं आहे. पण कर्ज काढून, म्हैस विकून शिकवलेल्या पोराची पदवी आईबापांनी भिंतीवर का टांगू नये?

नातेवाइकांच्या तोंडची जोखणी तर सार्वत्रिकच. नाताळात एकत्र जमलं की पहिलं वाक्य 'तुमाबा का!', म्हणजे जाड झालीस. मग लग्न कधी, मूल कधी, पगार किती. शेजारपाजारची खबर ठेवणाऱ्या बाईला करोनाच्या काळात 'मारितेस' असं टोपणनाव पडलं आणि ते देशभर चाललं. घरं खेटून, कोपऱ्यावर सारी-सारी म्हणजे किरकोळ वाणसामानाचं दुकान, तिथल्या बाकावर सगळ्या गल्लीची उधारी आणि भानगडी एकाच वहीत. घटस्फोटाची सोय मुस्लिमांसाठीच्या कायद्यापलीकडे नाही, त्यामुळे मोडलेले संसार आणि एकट्या आया पुष्कळ, आणि त्यांच्याबद्दलची कुजबुजही पुष्कळ. २०१७ साली टीटो सोटो या सिनेटरनं एका महिला मंत्र्याच्या नियुक्तीच्या सुनावणीत, त्या एकट्या आई आहेत म्हणून भर सभेत गलिच्छ कोटी केली. सोटो मूळचे विनोदी कलाकार. गल्लीतली भाषा आपण फक्त उच्चारली असा त्यांचा आव होता. माफी मागावी लागली.

खालून वर जाणारी जोखणीही काही कमी नाही. इंग्रजी-तागालोगची खिचडी करून नाकातून बोलणाऱ्या श्रीमंत पोरांना 'कोन्यो' म्हणतात. 'लेट्स मेक तुसोक-तुसोक द फिशबॉल' हे त्यांच्या नकलेचं घोटून गुळगुळीत झालेलं वाक्य: चला, फिशबॉल काडीला टोचू या. कुणी जरा नीटनेटकं राहू लागलं की 'फीलिंग', म्हणजे स्वतःला कोण समजते. बादलीतल्या खेकड्यांची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. तिकडे तीच्या तीच गोष्ट फिलिपिनो माणसाबद्दल सांगतात, आणि तितक्याच खात्रीनं सांगतात की हा दोष फक्त आपल्यातच आहे.

मुंबईचं नावही या जोखणीत अडकलं आहे. कुठल्याही भारतीयाला तिकडे सर्रास 'बुम्बाय' म्हणतात, मग तो पंजाबी का असेना. मोटारसायकलवरून दारोदार फिरून पाच पेसो देऊन सहा वसूल करणारा सावकार, ही त्याची ठरलेली प्रतिमा. न जेवणाऱ्या पोराला बुम्बायच्या हवाली करायची धमकी मिळते. महाराष्ट्रातून तिकडे वैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्या मुलांना हे नाव लवकरच कानावर येतं.

ही सगळी छोटी नाकमुरड राजकारणात मात्र मोठी होते. जोसेफ एस्त्रादा हा सिनेनट १९९८ साली गरिबांच्या मतांवर राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या मोडक्या इंग्रजीवरच्या विनोदांचं पुस्तकच निघालं होतं. त्यालाही ते आवडायचे, कारण हसणारे कोण आणि मत देणारे कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जानेवारी २००१ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून एद्सा महामार्गावर मध्यमवर्ग उतरला आणि तो पायउतार झाला. एप्रिलअखेर त्याला अटक झाल्यावर त्याच रस्त्यावर गरीब उतरले. जानेवारीतल्या गर्दीला 'लोकशक्ती' म्हणणाऱ्यांनी एप्रिलमधल्या गर्दीला अस्वच्छ, बोळक्या तोंडाची, भाड्यानं आणलेली म्हटलं.

त्या वर्तुळांत पुढे 'बोबोतांते' हा शब्द रुळला: बोबो म्हणजे ढ, बोतांते म्हणजे मतदार. २०१६ साली दाव्हावचे शिवराळ महापौर रोद्रिगो दुतेर्ते निवडून आले, तेव्हा तो पुन्हा जोरात उसळला. गरिबांनी, गावंढळांनी हा माणूस आपल्या बोडक्यावर बसवला, असा मनिलातल्या अनेक सुशिक्षितांचा सूर होता. मतदान केंद्राबाहेरच्या पाहणीत चित्र वेगळं निघालं. दुतेर्तेंना मतांचं प्रमाण तळच्या वर्गापेक्षा सुखवस्तू वर्गात जास्त होतं. पाहणी प्रसिद्ध झाली, वर्तमानपत्रांत आलीही. २०२२च्या निवडणुकीत जुन्या हुकूमशहाचे चिरंजीव फर्दिनांद मार्कोस धाकटे जिंकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच शब्द, त्याच लोकांसाठी.